अंगातला खडखडीत उन्हाळा : गोपी कृष्ण यांच्या ध्यानाचं प्रकरण

१९३७ च्या डिसेंबरात, नाताळच्या दिवसांत, जम्मू शहराच्या कडेला एका लहानशा घरात ३४ वर्षांचे एक सरकारी कारकून पहाटे ध्यानाला बसले होते. बायको-मुलं होती, संस्थानात नोकरी होती. सतरा वर्षं रोज पहाटे ते असेच बसत आले होते. पद्धत साधी होती. मांडी घालून पाठ ताठ ठेवायची, माथ्यावर पूर्ण उमललेलं तेजस्वी कमळ कल्पायचं आणि लक्ष तिथून हलू द्यायचं नाही. त्या दिवशी कण्याच्या तळाशी, शरीर आसनाला टेकतं तिथे, एक विलक्षण सुखद संवेदना उठली. लक्ष तिकडे गेलं की ती विरायची, लक्ष कमळावर परतलं की पुन्हा उठायची. काही वेळ हा लपंडाव चालला. मग तिकडे वळायचंच नाही असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं. आणि धबधबा कोसळावा तसा आवाज होऊन प्रकाशाचा एक लोंढा कण्यातून मेंदूत शिरला.

त्यांचं नाव गोपी कृष्ण. जन्म १९०३ चा, श्रीनगरजवळच्या एका खेड्यातला. पुढे त्यांनी हे सगळं आत्मकथनात सविस्तर लिहिलं. ते १९६७ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा स्विस मनोचिकित्सक कार्ल युंग यांच्या नावाच्या झुरिकमधल्या संस्थेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स हिलमन यांनी त्याला जागोजागी मानसशास्त्रीय टिपण जोडलं. कुंडलिनीविषयी, म्हणजे कण्याच्या तळाशी निजलेली असते असं योगपरंपरा मानते त्या शक्तीविषयी, आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण त्यातलं बरंच एकतर शास्त्रग्रंथांवरून आहे किंवा भक्तांनी गुरूंबद्दल लिहिलेलं आहे. एका सामान्य नोकरदार माणसाने स्वतःवर काय गुदरलं ते भीतीसकट, लाजेसकट आणि खाण्यापिण्याच्या तपशिलासकट मांडावं, हे फार दुर्मीळ. म्हणून चेतना, अहं आणि नेणीव (मनाचा आपल्याला न कळणारा भाग) या तीन शब्दांचा गुंता सोडवायला मी पुन्हा पुन्हा याच प्रकरणाकडे येतो.

त्या सकाळचं वर्णन त्यांनी केलं आहे ते असं: आपण शरीरात कोंडलेला एक बिंदू आहोत ही जाणीव गेली आणि आपण जाणिवेचं एक विस्तीर्ण वर्तुळ झालो. शरीर त्या वर्तुळात कुठेतरी दूर पडलेलं एक ठिकाण. सगळीकडे प्रकाश आणि आनंद. मग वर्तुळ आकसू लागलं, रस्त्यावरचे आवाज ऐकू येऊ लागले, हातपाय आपले वाटू लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा बसले. पुन्हा तसंच काही झालं, पण फिकं. आणि त्यानंतर सुरू झाला तो काळ, ज्यासाठी हे प्रकरण लिहायला हवं.

झोप गेली. जेवणावरची वासना गेली, अन्नाचा घास तोंडात फिरू लागला. कचेरीतल्या कागदावर नजर ठरेना. डोळे मिटले की आत ज्वाळांसारखा प्रकाश भोवंडायचा, कानांत आवाज घुमायचे. ज्या बायको-मुलांवर जीव होता त्यांच्याकडे पाहून काहीच वाटेनासं झालं, आणि ही गोष्ट त्यांना सगळ्यात भयानक वाटली. अंगात आग पेटल्यासारखी उष्णता. आपण वेडे होतो आहोत, हा विचार दिवसरात्र सोबतीला. ध्यानाचं नाव काढलं तरी धडकी भरायची. सतरा वर्षं ज्याची वाट पाहिली तेच दार आता बंद करता येत नव्हतं.

मागची सतरा वर्षं

गोपी कृष्णांचे वडील देवभोळे होते. पुढे त्यांनी संसारातून मन काढून घेतलं, मौन आणि एकांत धरला. घराचा सारा भार आईवर पडला. ही बाई पुढे मुलांना घेऊन लाहोरला आली. मुलगा शिकेल आणि घर वर काढेल, ही तिची आशा. मुलगा कॉलेजात गेला आणि ग्रंथालयात रमला. अभ्यासक्रमाबाहेरचं वाचत राहिला, त्या काळात तो देवाधर्माबाबत पुरता संशयी झाला होता. परीक्षेत नापास झाला. आईला काय सांगायचं? त्या नापास होण्याची लाज त्याला आतून जाळत गेली. आपलं मन आपल्या ताब्यात नाही, हा निष्कर्ष त्याने काढला आणि मनाला वेसण घालायची म्हणून ध्यान सुरू केलं. वय १७.

इथे मला थांबावंसं वाटतं. ध्यानाची सुरुवात इथे ईश्वरासाठी झाली नाही, गुरूने मंत्र दिला म्हणूनही झाली नाही. ती झाली लाजेतून, आणि स्वतःला जिंकण्याच्या हट्टातून. एकाग्रतेचा हा किल्ला अहंने बांधला होता, स्वतःच्या संरक्षणासाठी. वडील संसार सोडून आत निघून गेले होते. मुलाने ठरवलं की आपण संसार सोडायचा नाही, नोकरी करायची, आईचा शब्द राखायचा. तरी रोज पहाटे तो वडिलांच्याच दिशेने, आत, जात राहिला. हे माझं वाचन आहे, त्यांनी स्वतः अशा शब्दांत मांडलेलं नाही. पण नेणीव म्हणजे काय हे कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देईन. माणूस एका कारणासाठी बसतो, आणि त्याच्यातलं दुसरंच काहीतरी त्याच आसनावर वेगळ्या कारणासाठी बसलेलं असतं.

आणि ती संवेदना आठवा. पाहिलं की लपते, पाहणं सोडलं की येते. झोपेचंही असंच असतं, विसरलेल्या नावाचंही असंच असतं. आठवायला जावं तर हातातून निसटतं, आणि भाजी चिरताना अचानक ओठांवर येतं. जाणिवेचा दिवा नेणिवेवर थेट रोखून चालत नाही, हे गोपी कृष्णांना त्या सकाळी शरीरातून कळलं. सतरा वर्षांच्या सरावाने लक्ष इतकं पक्कं झालं होतं की ते कमळावर ठेवून बाकी सगळं मोकळं सोडता आलं. जे मोकळं सुटलं त्याच्या आकाराची त्यांना कल्पना नव्हती. जवळ विचारायला कुणी गुरू नव्हता.

निर्णायक रात्र

आजार वाढत गेला. त्यांनी जाणकार शोधले, साधूंना विचारलं. नेमकं उत्तर कुणाकडे नव्हतं. अखेर एका नातेवाइकाकडून एक गोष्ट कानावर आली. कुंडलिनी सुषुम्नेतून, म्हणजे कण्यातल्या मधल्या नाडीतून न चढता उजव्या बाजूच्या पिंगळेतून, म्हणजे सूर्यनाडीतून चढली, तर अंगात असह्य दाह होतो आणि माणूस त्यात जळून जातो. एका रात्री तो दाह इतका वाढला की आता आपण वाचत नाही असं त्यांना वाटलं. तेव्हा हे ऐकलेलं आठवलं आणि उरलेल्या सगळ्या बळाने त्यांनी डाव्या बाजूची इडा, चंद्रनाडी, जागी करायचा प्रयत्न केला. कण्याच्या डाव्या बाजूने एक गार प्रवाह वर चढतो आहे अशी कल्पना केली. काहीतरी तुटल्यासारखा बारीक आवाज झाला आणि रुपेरी रेघ नागमोडी वळणं घेत, पळणाऱ्या पांढऱ्या सापासारखी, कण्यातून वर गेली. आग शांत झाली.

मराठी वाचकाला इथे ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या घरी पारायणात हा भाग येई तेव्हा वाचणाऱ्याचा आवाज आपोआप खाली जाई, आणि अर्थ विचारला तर ‘ते योग्यांचं आहे’ असं सांगून पुढे नेलं जाई. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजावं तशी कुंडलिनी, ही प्रतिमा बहुतेकांना माहीत असते. पण पुढे काय होतं ते क्वचितच कुणी मोठ्याने बोलतं. जागी झालेली ती शक्ती भुकेली आहे. ती मांसाचे घास घेते, सप्तधातूंचे सागर पिऊन टाकते आणि अंगात ‘खडखडीत’ उन्हाळा करते. इडा आणि पिंगळा एकवटतात. मग वरच्या अंगाने चंद्रामृताचं तळं कलतं आणि ते अमृत त्या शक्तीच्या मुखात पडतं, अंगभर शीतलता पसरते. आधी दाह, भूक, शोष. मग चंद्र, गारवा, नवं तेज. जम्मूतल्या या कारकुनाने ज्ञानेश्वरी वाचली असावी असं मानायला काहीच आधार नाही. तरी सातशे वर्षांपूर्वी नेवाशात सांगितलेला क्रम आणि त्याने भोगलेला क्रम जवळजवळ एक आहे.

याचा अर्थ नाड्या कापून पाहिल्या तर सापडतील, असा मी घेत नाही. इडा-पिंगळा हे शरीरशास्त्राचे शब्द मानून वाद घालणाऱ्यांनी आणि ते शब्द म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा मानणाऱ्यांनी, दोघांनीही या प्रकरणाचा मुख्य धागा सोडला आहे असं मला वाटतं. मरणाच्या दारात त्या माणसाला वाचवलं ते एका प्रतिमेने. डावी बाजू, चंद्र, गारवा. ही प्रतिमा परंपरेने त्याच्या कानांत घालून ठेवली होती आणि नेणिवेला ती भाषा समजत होती. ‘घाबरू नकोस, शांत हो’ असं त्याने स्वतःला कितीतरी वेळा बजावलं असेल. त्याचा उपयोग झाला नव्हता.

युंग त्या वेळी कुठे होते

एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. नेमक्या त्याच डिसेंबरात कार्ल गुस्टाव्ह युंग हिंदुस्थानात होते. इंडियन सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाचं आमंत्रण होतं, अधिवेशन जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्यात होतं, आणि त्यासाठी ते मुंबईत उतरले होते. पाच वर्षं आधी, १९३२ मध्ये, त्यांनी झुरिकमध्ये कुंडलिनी योगावर व्याख्यानं दिली होती. युरोपीय माणसाने हे प्रयोग करू नयेत, त्याच्या नेणिवेचा इतिहास वेगळा आहे, असं त्यांचं आग्रहाचं मत. आणि ते इथे असतानाच इथल्याच मातीतल्या एका माणसावर तो प्रसंग ओढवला होता, ज्याची ते फक्त ग्रंथांतून मांडणी करत होते. दोघांची गाठ पडली नाही.

युंग यांचा एक मुद्दा या प्रकरणात थेट लागू होतो. जाणीव म्हटली की ती कुणाला तरी होते, आणि तो कुणीतरी म्हणजे अहं. अहं नसेल तर जाणीव कशाची, असा त्यांचा सवाल होता. म्हणून योगी ज्याला परम चैतन्य म्हणतात त्याला ते सरळ नेणिवेच्या खात्यात टाकत. आपल्याकडचा वेदान्त याच्या अगदी उलट बोलतो. चैतन्य आधी, अहंकार नंतर, तोही त्यावर अध्यास म्हणून, दोरीवर साप भासावा तसा, उठलेला. गाढ झोपेतून उठून आपण म्हणतो, ‘छान झोप लागली, काही कळलं नाही’. ते ‘काही कळलं नाही’ हे तरी कुणाला कळलं?

गोपी कृष्णांच्या त्या सकाळकडे पाहिलं तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं मागे सरावं लागतं. वर्तुळ विस्तीर्ण झालं तेव्हाही ‘मी’ पुरता पुसला गेला नव्हता. मी वर्तुळ झालो, असं म्हणणारा कुणीतरी होता आणि त्याच्या ध्यानात ते राहिलं. युंग यांच्या बाजूने हा भक्कम पुरावा. पण तो ‘मी’ नेहमीचा, कचेरीतला, नापास झालेला, आईला घाबरणारा ‘मी’ मात्र नव्हता. तो शरीराला बाहेरून पाहत होता. तेव्हा अहं आणि जाणीव एकच असं म्हणता येत नाही. रामदासांनी जाणीव आणि नेणीव हे शब्द जवळजवळ ठेवून वापरले आहेत. मला वाटतं, या दोहोंमध्ये भिंत नसून ओहोटी-भरती आहे, हे मराठी कानाला त्या जोडीतूनच ऐकू येतं.

अहंकार मारायचा म्हणजे नेमकं काय

प्रवचनांत आपण लहानपणापासून ऐकतो की अहंकार मेला पाहिजे. मराठीत या शब्दाचा रोजचा अर्थ गर्व. तो गेला तर कुणाचंच नुकसान नाही. सांख्य दर्शनाचा अहंकार निराळा, ते एक तत्त्व आहे, ‘हे माझं’ म्हणण्याची यंत्रणा. योगसूत्रकार पतंजलींनी अस्मिता, म्हणजे ‘मी’पणा, क्लेशांमध्ये, दुःखाच्या मुळांमध्ये धरली. आणि मानसशास्त्रात अहं म्हणजे मनाचा तो भाग जो घड्याळ पाहतो, भूक ओळखतो, आत आणि बाहेर यांत फरक करतो. तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो आणि मग कुणी विशीतला मुलगा ‘मला अहंकार मारायचा आहे’ म्हणत चार-चार दिवस न जेवता, न झोपता बसतो. तेव्हा तो यातला कोणता मारतो आहे? बहुतेक वेळा गर्व जिवंत राहतो आणि भूक ओळखणारा मरतो.

या प्रकरणात काय झालं ते पाहा. गोपी कृष्णांना वाचवणाऱ्या गोष्टींत ती रुपेरी रेघ आहे, पण तिच्या आधी आणि नंतर एक चिवट, साधा, संसारी माणूस आहे. तो काय होतं आहे ते नीट पाहत राहिला, लक्षात ठेवत राहिला. मी वेडा होतो आहे का, हा प्रश्न तो विचारत राहिला. ज्याला खरोखर भ्रमाने गिळलं आहे त्याला हा प्रश्न सहसा पडत नाही, त्याला खात्री असते. आपल्याला देव दिसला, आता आपण अवतार, असं म्हणून मोकळं होण्याचा रस्ता त्याच्यापुढे उघडा होता. युंग या अवस्थेला अहंची फुगवण म्हणत, नेणिवेतून आलेल्या प्रचंड शक्तीला माणूस ‘हा मीच’ असं म्हणू लागतो. गोपी कृष्णांनी ते केलं नाही. पुढे त्यांनी काश्मिरात विधवांच्या पुनर्विवाहासाठी, हुंड्याविरुद्ध काम केलं, आणि आपल्या अनुभवाची वैज्ञानिक तपासणी व्हावी असा आयुष्यभर आग्रह धरला. कुंडलिनी हे माणसाच्या उत्क्रांतीचं जैविक साधन आहे, हा त्यांचा पुढचा सिद्धान्त मला पटत नाही. एका शरीरातल्या अनुभवावरून सगळ्या मानवजातीचा नियम काढता येत नाही. पण अनुभव सांगण्यातला त्यांचा प्रामाणिकपणा त्यामुळे कमी होत नाही.

आणि त्यांची पत्नी. त्या आत्मकथनात ती फार बोलत नाही, पण ती सतत तिथे आहे. त्या रात्रीनंतर कळलं की पोट रिकामं राहिलं की आग पुन्हा डोकं वर काढते. मग दर काही तासांनी थोडं थोडं खायचं, असा क्रम ठरला. तो सांभाळला तिने. नवऱ्याला तिच्याबद्दल काही वाटेनासं झालं आहे, हे तिला जाणवलं नसेल असं कसं म्हणावं? तरी वेळेवर दूध, वेळेवर घास. साधकांच्या कथांमध्ये अशा बायका एका ओळीत उरकल्या जातात. या प्रकरणात औषध म्हणून जे लागू पडलं त्यातला अर्धा वाटा तिचा आहे.

पुन्हा सहावा अध्याय. ज्ञानदेवांनी कुंडलिनीचं ते सगळं दाहक, झगमगतं वर्णन केलं आणि थोड्याच वेळाने गीतेचा तो श्लोक येतो: फार खाणाऱ्याला योग नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, फार जागणाऱ्यालाही नाही. युक्ताहारविहार. पारायणात आपल्याला तो उपदेशाचा सपाट भाग वाटतो आणि आधीचा चित्तथरारक. गोपी कृष्णांचं प्रकरण वाचल्यावर मला तो उलटा वाटू लागला. सप्तधातू पिणारी भूक ज्याच्या अंगात जागी होऊ शकते त्याला मोजून-मापून खायला सांगणं, हा त्या वर्णनाचाच पुढचा भाग आहे.

आज कुणाला असं झालं तर

आता इगतपुरीच्या विपश्यना केंद्रासारख्या ठिकाणी दहा-दहा दिवस मौनात बसणारे हजारो लोक आहेत, आणि अशा शिबिरांच्या अर्जात मानसिक आजाराचा इतिहास विचारलेला असतो. तो रकाना खरा भरावा. २०१७ मध्ये पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ध्यानातून येणाऱ्या अवघड अनुभवांचे ५९ प्रकार नोंदवले गेले: झोप उडणं, भीती, अंगात वीज सळसळल्यासारखं वाटणं, आपण आपले नाही असं वाटणं, माणसांबद्दलची भावना आटणं. गोपी कृष्णांची यादी जवळपास पूर्ण तिथे सापडते. अमेरिकन मानसोपचारांच्या निदानसंहितेत १९९४ पासून धार्मिक किंवा आध्यात्मिक अडचण असा वेगळा उल्लेख आहे, म्हणजे असा प्रत्येक अनुभव आजारच मानायचा नाही हेही मान्य झालं आहे.

पण निदान कोणतंही असो, सलग तीन-चार रात्री झोप नाही, अन्न जात नाही, आपल्या माणसांबद्दल काही वाटत नाही, असं झालं की ध्यान त्या दिवशी थांबवायचं आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. ‘ही साधनेतली परीक्षा आहे, बसत राहा’ असं सांगणारा कितीही मोठा असो, त्याचं ऐकायचं नाही. गोपी कृष्णांनी स्वतः ध्यान थांबवलं होतं. जम्मूत १९३८ साली याहून जास्त काही हाताशी नव्हतं. आज आहे, आणि औषधाने झोप परत आली तर त्याने कुणाची साधना बाटत नाही.

त्यांना बरं व्हायला वर्षं लागली. हळूहळू काम जमू लागलं, मुलांबद्दलची माया परत आली, डोळ्यांसमोरच्या वस्तूंवर एक रुपेरी झळाळी मात्र कायम राहिली. मग १९४९ च्या हिवाळ्यात, पुन्हा जम्मूतच, त्यांच्या तोंडून आपोआप कविता येऊ लागल्या, आधी काश्मिरीत, मग उर्दू, इंग्रजी आणि आपल्याला येत नाहीत असं ते म्हणत त्या भाषांतही, त्यात जर्मन होती. इथे मी सावध आहे. कधीतरी कानावरून, डोळ्यांखालून गेलेलं नेणिवेत साठून राहतं आणि नवं म्हणून बाहेर येतं, हे युंग यांनी तरुणपणीच, १९०५ मध्ये, मांडलं होतं. कॉलेजात अभ्यास सोडून ग्रंथालयात वाचत बसलेल्या त्या मुलाच्या आत काय काय साठलं असेल कोण जाणे. ज्या वाचनाने तो नापास झाला तेच कदाचित तीस वर्षांनी गात वर आलं असेल.

त्या दिवसांत आनंद इतका होता की खाण्यापिण्याचं भान पुन्हा सुटलं, झोप पुन्हा उडाली. जुना दाह परत डोकावू लागला. या वेळी त्यांना ती खूण ओळखू आली. कविता थांबवल्या, जेवणाच्या वेळा पुन्हा बांधून घेतल्या, आणि भूक नसताना घास तोंडात घालायला सुरुवात केली.